बिथरलेला खडा

माझ्या साखरपुड्याच्या अंगठीत एक खडा आहे. तो दिवसाउजेडी हिरवा दिसतो, आणि पिवळ्या बल्बखाली, कंदिलाखाली किंवा चुलीच्या जाळापुढे धरला की लाल. ट्यूबलाईटखाली पुन्हा हिरवाच. यात जादू नाही, करणी नाही. त्या खड्याची जातच तशी असते आणि ती फार दुर्मीळ असते म्हणतात. आज हे मला दोन श्वासांत सांगता येतं. तेव्हा आमच्यापैकी एकाला जरी सांगता आलं असतं, तर माझ्या वडिलांवर चोरीचा आळ आला नसता, मला महिनाभर आंबील प्यावी लागली नसती आणि आमची आत्या भर बैठकीत तोंडघशी पडली नसती.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. आमचं गाव टोकावड्याजवळ, माळशेजच्या रस्त्यापासून आत. भातशेती, उतारावर थोडी नाचणी, बैलजोडी, एक म्हैस आणि एक गाय. गायीला सगळं घर तांबडी म्हणायचं, बाबा मात्र शिंगमोडी म्हणायचे. बाबांना बाजारात मिरच्या आणायला पाठवलं की हिरव्या, पिकलेल्या, अर्ध्या पिकलेल्या अशा सगळ्या एका पिशवीत घेऊन यायचे. आई म्हणायची, यांचं लक्ष कुठे असतं देव जाणे. बाकी बाबांचं लक्ष सगळीकडे असायचं. बांधाचं भांडण असो की वाटणीचं, लोक साक्षीला बाबांना न्यायचे. बाबांनी एकदा ‘असं झालं’ म्हटलं की ते तसंच झालेलं असायचं. ते कमी बोलत आणि खोटं कधीच बोलत नसत. माझ्यासारख्या भांडखोर मुलीला असा बाप मिळणं ही शिक्षाच होती, कारण घरातल्या कुठल्याही भांडणात त्यांची साक्ष निघाली की मी हरायचे.

मला बघायला आलेला मुलगा आसनगावचा. त्याचे वडील कल्याणला नोकरी करत, रोजचा पास काढून लोकलने जात-येत, आणि त्या पासाच्या जोरावर स्वतःला निम्मे मुंबईकर समजत. मी दाराच्या फटीतून बघत होते. मुलाच्या चहात माशी पडली. त्याने इकडेतिकडे पाहिलं, बोटाने माशी काढली, रुमालात गुंडाळून खिशात टाकली आणि चहा पिऊन टाकला. आईने विचारलं चहा बरा झालाय ना, तर म्हणाला मस्त झालाय. मी तिथेच ठरवलं, करायचं तर याच्याशीच. हे मी कुणाला सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून मी म्हशीला शिव्या देणं बंद केलं, त्यावरून बाबांनी ओळखलं.

होणाऱ्या सासऱ्यांना खड्यांचा भारी सोस. त्यांच्या बोटांत ग्रहांची एवढी दाटी होती की जेवताना भाताची शितं अंगठ्यांत अडकत. पौषात मुरबाडजवळच्या म्हसा गावची जत्रा भरते, गुरांची आणि घोंगड्यांची. तिथे फडक्यावर खडे मांडून बसलेल्या एका माणसाकडून त्यांनी भर दुपारी एक हिरवा खडा निवडला. विकणारा म्हणाला पन्ना आहे. सासऱ्यांनी तो उन्हात धरला, एक डोळा मिटला आणि तेही म्हणाले, पन्नाच आहे. मुरबाडच्या सोनाराकडून तो अंगठीत बसवून घेतला. पन्ना बुधाचा, आणि बुध वाणीचा. सून गोड बोलणारी निघावी म्हणून मुद्दाम पन्ना घेतला, असं ते साखरपुड्यात प्रत्येकाला सांगत होते. ते ऐकून आमच्या आत्याला खोकल्याची उबळ आली.

साखरपुडा माघात झाला, सकाळी, आमच्या दारातल्या मांडवात. खडा भाताच्या कोवळ्या रोपासारखा हिरवा होता. दोन्हीकडच्या माणसांनी माझा हात ओढून ओढून तो पाहिला. पाहुण्यांची जीप गेली, मांडव सुटला, दिवेलागण झाली. आईने बल्ब लावला. आमच्या घरात तेव्हा सगळीकडे पिवळे बल्ब, आणि व्होल्टेज इतकं कमी की बल्ब लागलाय की नाही ते बल्बकडेच बघून ठरवावं लागे. मी भाकऱ्या थापायला बसले. आईने माझ्या हाताकडे पाहिलं, हातातलं पीठ खाली ठेवलं आणि हात धू म्हणाली. मी धुतला. परत धू म्हणाली. मी परत धुतला. खडा डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल होता.

त्या संध्याकाळी आमच्याकडे भाकऱ्या झाल्याच नाहीत. सकाळी खडा पुन्हा हिरवा दिसला तेव्हा आईने देवाला साखर ठेवली. संध्याकाळी तो पुन्हा लाल झाला तेव्हा तिला ती साखर उचलून घ्यावीशी वाटली असणार.

आत्या आमच्याच घरी राहायची. ती बाबांची थोरली बहीण, आणि घरातलं औषधपाणी तिच्याकडे. तिने दोन संध्याकाळी खड्यावर नजर ठेवली आणि निदान केलं की हा ताप आहे. ताप संध्याकाळीच चढतो आणि पहाटे उतरतो, हे तिचं म्हणणं कुणाला खोडता येईना. खड्याला ताप कुठून आला, तर माझ्या अंगातून. मी तिखट खाते, तोंडाने तिखट बोलते, ती सगळी उष्णता बोटातून खड्यात शिरली. म्हणून मला नाचणीची आंबील सुरू झाली. सकाळ-संध्याकाळ आंबील, दुपारी सब्जाचं पाणी, मिरची बंद. मी म्हटलं अंगठी आईच्या बोटात घालून बघा. घातली, तरी लालच. आत्या म्हणाली, आधीची उष्णता आहे, उतरायला वेळ लागतो.

एकदा तर आम्ही अगदी उत्तराच्या दारात जाऊन परत आलो. आत्याने अंगठी तुळशीपाशी ठेवली. बाहेर अजून उजेड होता, खडा हिरवा. आत आणला, लाल. परत बाहेर नेला, हिरवा. सगळं घर उंबरठ्याच्या आत-बाहेर करत होतं. शेवटी आत्याने उंबरठ्याला दोष आहे असं ठरवून त्यावर लिंबू-मिरची बांधली. ती मिरची मी काढून खाल्ली, कारण मला पंधरा दिवसांत मिरची मिळाली नव्हती.

आज कुणी म्हणेल, एवढं साधं कसं कळलं नाही? पण बल्बवर कोण संशय घेईल? दिव्याचं काम दाखवणं. तोच खोटं दाखवत असेल असं मनात आणणं म्हणजे देवळातल्या समईने चुगली केली असं म्हणण्यासारखं होतं. आम्ही माझ्यावर, उंबरठ्यावर, शेजारणीच्या नजरेवर संशय घेतला. बल्ब मात्र सुटला.

या सगळ्यात बाबांची साक्ष काढणं ओघानेच आलं. आई रोज संध्याकाळी अंगठी त्यांच्यापुढे धरायची आणि विचारायची, झाला ना लाल? बाबा ती बल्बजवळ नेत, बराच वेळ बघत आणि म्हणत, “तुमी म्हणताय तं असंल.” आम्हाला वाटायचं, बाबा नेहमीप्रमाणे तोलूनमापून बोलतायत.

आंबील आणि अब्रू दोन्ही पाडव्यापर्यंत टिकवायची, असं घरात ठरलं होतं. वैशाखात लग्न. तोवर संध्याकाळनंतर कुणी आलं तर मी हात पदराखाली घ्यायचा. पाडव्याच्या आदल्या दिवशी सासरची माणसं मला साखरेची गाठी घेऊन यायची होती. ती दुपारी येणार म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण सरळगावला त्यांची एसटी बंद पडली आणि सासू-सासरे ऐन दिवेलागणीला अंगणात उभे राहिले. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले. तांब्या एका हाताने देणं वाईट दिसतं, म्हणून मी दुसरा हातही लावला.

सासऱ्यांनी पाणी घेतलं नाही. ते माझ्या बोटाकडे बघत राहिले. मग बाबांना म्हणाले, आमचा पन्ना कुठे आहे? बाबा म्हणाले, तोच तर आहे. सासरे म्हणाले, हे तर लाल काचेचं भिंग आहे. आईला रडू फुटलं. मग आत्या पुढे झाली आणि तिने ताप, उष्णता, आंबील, उंबरठा हे सगळं सविस्तर सांगितलं. त्याने प्रकरण आणखी चिघळलं, कारण सासूबाईंना आता कळलं की आपण आणतो आहोत ती सून नुसती फसवणाऱ्या घरातली नाही, तर दगडालाही ताप आणणारी आहे.

परतीची गाडी नव्हती म्हणून दोघं मुक्कामाला राहिली. मला वाटलं बरंच झालं, सकाळी खडा हिरवा झालेला डोळ्यांनी बघतील. सकाळी झाला. मी हात पुढे केला. सासऱ्यांनी हिरवा खडा पाहिला, मान हलवली आणि म्हणाले, रात्रीत परत बसवलात. भ्यालात म्हणून बसवलात. आदल्या संध्याकाळी आम्ही नुसते चोर होतो, सकाळी भित्रे चोर झालो. त्यांनी अंगठी माझ्या बोटातून उतरवून घेतली आणि पहिल्या गाडीने निघून गेले. गाठी मात्र परत नेली नाही, सणाचं परत नेत नाहीत म्हणून. ती खायची की नाही हे आम्हाला ठरवता येईना. खुंटीवर टांगून ठेवली आणि शेवटी मुंग्यांनीच काय ते ठरवलं.

मी त्या दिवशी म्हशीला पुन्हा शिव्या दिल्या. आंबिलीचं भांडं परसात उपडं केलं. मला अंगठीचं काही वाटत नव्हतं. मला तो रुमालात माशी ठेवणारा मुलगा हवा होता, आणि तो एका दगडापायी हातचा चालला होता.

आठवड्याभरात आसनगावहून निरोप आला. अंगठी आमच्या देव्हाऱ्यात आहे, रात्रंदिवस हिरवी आहे, एकदाही लाल झालेली नाही. येऊन काय ते मिटवा, नाहीतर सुपारी मोडली समजा. आता हे खरंच होतं. सासऱ्यांच्या घरात झाडून सगळीकडे ट्यूबलाईट. स्वयंपाकघरात ट्यूब, न्हाणीघरात ट्यूब, देव्हाऱ्यावरही एक आडवी ट्यूब. पिवळा बल्ब त्यांना खेडवळ वाटायचा. पण त्याचा आणि खड्याचा संबंध लावायला ना ते तयार होते, ना आम्ही.

मुलीने लग्नाआधी सासरी पाऊल टाकायचं नसतं. मी हट्ट धरला की मीही येणार. आई नको म्हणाली, आत्या नको म्हणाली. मी म्हटलं, खडा माझ्या बोटात लाल झाला ना, मग बोटाला न्यायला नको? बाबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, बोट नेलं पाहिजे. अशी मी माझ्या बोटासोबत आसनगावला गेले.

त्यांच्या ओटीवर बैठक बसली. मधे परातीत तांदूळ, तांदळावर अंगठी, तिला हळदकुंकू वाहिलेलं. दोन्हीकडची मोठी माणसं भोवती गोल करून बसली. दुपार होती, खडा हिरवा. सासरे मोठ्या मनाने म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबू, तुम्ही म्हणता तसं झालं तर मी शब्द मागे घेईन. मग सगळे थांबलो. चहा झाला, पुन्हा चहा झाला. खुडूक कोंबडीकडे अंड्यासाठी बघावं तशी एवढी माणसं त्या अंगठीकडे बघत बसली होती. मुलगा खांबाला टेकून उभा होता. तो एकटाच अंगठीकडे बघत नव्हता.

अंधारून आलं, ट्यूबा लागल्या. खडा हिरवा. आत्या म्हणाली, हिच्या बोटात घातल्याशिवाय होत नाय. माझ्या बोटात घातली. हिरवा. आत्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी मुद्दाम ताप उतरवून आले होते. कुणीतरी हसलं. सासरे म्हणाले, आता काही बोलायचं राहिलंय का? कबूल करा, आम्ही विसरून जाऊ. नाहीतर मुलगी घेऊन जा.

बाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग मुलाकडे बघितलं, मग हात जोडले.

“खडा मी बदलला,” ते म्हणाले. “मग भ्यालो आणि परत बसवला. पोरीचा काय दोष नाय. तिला ठेवून घ्या.”

मी उठून उभी राहिले. म्हटलं, बाबा खोटं बोलतायत. माझ्याकडे कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. आत्याने माझा पदर ओढून मला खाली बसवलं. आमच्याकडून आलेली माणसंसुद्धा माना खाली घालून बसली, कारण हा माणूस आयुष्यात खोटं बोललेला नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बाबांनी चोरी केली असं त्यांना आधी वाटलं नव्हतं, पण आता खुद्द बाबांचीच साक्ष पडली होती.

तेवढ्यात लाईट गेली. तेव्हा ती रोजच जायची, त्यात नवल काही नव्हतं. सासूबाई आतून कंदील घेऊन आल्या आणि परातीशेजारी, माझ्या हाताजवळ ठेवला. आणि खडा लाल झाला. माझ्या डोळ्यांदेखत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, विस्तवासारखा लाल.

मग एकदम सगळेच बोलायला लागले, लाल झाला, लाल झाला. सासऱ्यांनी आधी खड्याकडे पाहिलं, मग बाबांच्या हातांकडे. ते हात अजून जोडलेलेच होते. “आता कधी बदललात?” त्यांनी विचारलं. बाबा अंगठीकडे बघत राहिले.

मला वाटलं सुटलो. मी चक्क हसले. आत्या तर रडायलाच लागली, तिचा ताप खरा ठरला म्हणून. पण सासरे हार मानणारे नव्हते. त्यांनी डोळे मिटले, बराच विचार केला आणि निकाल दिला. खडा तोच आहे, हे दिसलं. पण व्याह्यांनी चोरी कबूल केली आहे, आणि व्याही खोटं बोलत नाहीत हे सगळा मुरबाड तालुका सांगतो. तेव्हा चोरीही झालीच आहे. अस्सल खडा एकदा त्याच्या जागेवरून उपटला की बिथरतो. हा बिथरलाय. अंधार पडला की त्याला ती चोरी आठवते. एवढ्यात लाईट आली आणि खडा हिरवा झाला. सासरे म्हणाले, बघा, शांत झाला. मी व्याह्यांना माफ केलं.

लग्न वैशाखात झालं, मुहूर्त मुद्दाम सकाळचा धरला होता.

संसार चांगला झाला. बिथरलेला खडा लवकरच आमच्या आळीत प्रसिद्ध झाला. सासूबाई दिवेलागणीला शेजारणींना बोलवत, ट्यूब बंद करत, देव्हाऱ्यातली समई लावत आणि माझा हात पुढे ओढत. बायका तोंडाला पदर लावून बघत. हळूहळू त्या खड्याला प्रश्न विचारू लागल्या. लाल झाला तर काम होणार. समईपुढे तो लाल व्हायचाच, त्यामुळे सगळ्यांची सगळी कामं होणार असत. पोरगा दहावी पास होणार, सून नांदायला परत येणार, नळाला पाणी येणार. नाही झालं तर बायका खड्याला बोल लावत नसत, प्रश्न नीट विचारला नव्हता म्हणत. माणसाने रंग बदलला की आपण त्याला सरडा म्हणतो, आणि दगडाने बदलला की हळदकुंकू वाहतो. मी स्वतःही कधी कधी स्वयंपाकघरात एकटी असताना ट्यूब बंद करून मेणबत्तीच्या उजेडात हात धरून बघायचे. नवरा विचारायचा काय करतेस, तर सांगायचे काही नाही. तो रंग फिरताना बघायला मला आवडायचं.

आवडायचं नाही ते एवढंच. बाबा कधी आमच्याकडे आले की सासरे त्यांना पाटावर बसवत, आग्रहाने वाढत आणि सगळ्यांसमोर म्हणत, झालं गेलं विसरा, मी माफ केलंय. बाबा मान हलवत आणि जेवत. मी हातातली पळी भांड्यात आपटायचे. मी बाबांना कितीदा म्हटलं, शब्द मागे घ्या, तुम्ही काही केलेलं नाही. ते म्हणत, बोललो ते बोललो.

दोन हजार साल उलटून गेल्यावर कधीतरी अंगठीची पकड सैल झाली. नवरा आणि मी ती कल्याणच्या एका सोनाराकडे घेऊन गेलो. त्याने दारातल्या उजेडात खडा बघितला, मग आत टेबलावरच्या पिवळ्या दिव्याखाली बघितला, मग उठून पुन्हा दारात गेला. मग त्याने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. त्याने सांगितलं की उन्हात हिरवा आणि दिव्यात लाल असा एक खडा असतो, उजेड बदलला की रंग बदलतो. परदेशात कुठे कुठे सापडतो, इतका दुर्मीळ की त्याने उभ्या आयुष्यात फक्त ऐकला होता. तो म्हणाला, हा खरा तो असेल तर तुम्ही माझ्या दुकानात नको होतात, मी तुमच्या दारात यायला हवं होतं. पण असे खडे आता कारखान्यातही बनवतात. मुंबईला पाठवून तपासून घ्यायला हवा. घरी येऊन आम्ही जेवताना हे सांगितलं. सासरे म्हणाले, खडा एकटा कुठे पाठवायचा नाही, एकदा बदलला गेला होता. नवऱ्याने ताटात तोंड घालून हसू दाबलं. त्यामुळे खडा खरा की खोटा हे आम्हाला आजही ठाऊक नाही.

पण मला जे हवं होतं ते मिळालं होतं. मी पुढच्याच सुट्टीला टोकावड्याला गेले. आत्या तोवर गेली होती. घरात आता बल्बच्या जागी ते पांढऱ्या उजेडाचे सीएफएल लागले होते. संध्याकाळी मी बाबांना ओटीवर बसवलं, अंगठी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि सोनाराने सांगितलेलं सगळं सांगितलं. म्हटलं, बघा, या उजेडात हिरवा. मग घरातली जुनी बॅटरी आणून पिवळा झोत खड्यावर टाकला. म्हटलं, आता बघा, लाल. चोरीबिरी काही झालीच नव्हती बाबा. दिसला ना?

बाबांनी खड्याकडे बघितलं, मग बॅटरीकडे, मग माझ्याकडे.

“बाय, मला तं तो सारखाच दिसतो,” ते म्हणाले. “तवापण सारखाच दिसायचा.”

मला आधी वाटलं मोतीबिंदू असेल. मग एकदम त्या मिरच्या आठवल्या, ती शिंगमोडी आठवली. मी आत गेले, एक हिरवी आणि एक पिकलेली मिरची आणली आणि विचारलं, यातली पिकलेली कुठली? बाबांनी दोन्ही हातात घेतल्या. डोळ्यांनी बघितलंच नाही. बोटांनी दाबून बघितल्या, आणि म्हणाले, ही, मऊ आहे. बाबांना लाल आणि हिरवा हे रंग वेगळे दिसतच नव्हते. सगळ्या तालुक्याचा साक्षीदार, आणि हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

मी विचारलं, मग त्या दिवशी कबूल का केलंत?

“तुमी सगळी सांजचं म्हणायची लाल झाला. सकाळी म्हणायची हिरवा झाला. मला तं काय झालेलं दिसत नव्हतं. मला वाटलं, घरात कोणीतरी खडा बदललाय आणि सगळी मिळून झाकताय. आई नाय तं आत्या, नाय तं तू. त्यांनी विचारलं असतं तं कोणाला तरी खोटं बोलावं लागलं असतं. म्हणून मी केलं म्हटलं.”

“म्हणजे इतकी वर्षं तुम्हाला वाटत होतं, मी चोरी केली?”

“तू नाय तं आई,” बाबा शांतपणे म्हणाले. “तुझ्यावर जरा जास्त संशय होता.”

मला त्यांचा इतका राग आला की उठून म्हशीपाशी जावंसं वाटलं, पण म्हैस केव्हाच विकली होती. आणि त्याच वेळी त्यांच्या पायाशी बसून रडावंसं वाटलं. ज्यांना चोर समजत होते, त्यांच्यासाठी या माणसाने आयुष्यात एकदाच खोटं बोलून घेतलं होतं, आणि पुढे इतकी वर्षं माफी जेवली होती. मी विचारलं, आणि लाईट गेली तेव्हा? सगळे ओरडत होते तेव्हा तुम्हाला काय वाटलं?

बाबा म्हणाले, त्यांना वाटलं, आपण कबूल केलं म्हणून ती माणसं उगीच लाल लाल म्हणून सांभाळून घेतायत. चांगली माणसं दिसतायत, मुलगी इथे द्यायला हरकत नाही, असं त्यांनी तेव्हाच मनाशी म्हटलं होतं.

मी म्हटलं, उद्याच जाऊन सासऱ्यांना सगळं सांगते. बाबांनी मान हलवली. “नको. त्यांना माफ करायची सवय लागलेय. या वयात कशाला मोडतेस?”

मग त्यांनी माझ्या हातातून बॅटरी घेतली आणि खड्यावर धरली. आता कंचा आहे, असं विचारलं. मी म्हटलं लाल. त्यांनी बॅटरी विझवली. आता? मी म्हटलं हिरवा. त्यांनी पुन्हा लावली. पुन्हा विचारलं. मी सांगत गेले आणि ते अंगठीकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत ऐकत गेले. आतून आई ओरडली की सेल उतरतील. सेल उतरेपर्यंत आम्ही तेच करत बसलो.